शाकाहारी जंगल

स्कॉटलंडमध्ये आमचं स्वतःचं जंगल होतं, असं बोलण्यात निघालं की समोरच्या माणसाचा चेहरा उजळतो. त्याला धुकं दिसतं, उंच झाडं दिसतात, झाडांखाली अंथरलेली सतरंजी दिसते. मला पहिल्यांदा वास येतो. ओले मोजे, डिझेल, कुजत पडलेली साल आणि रोपांना लावलेलं कीटकनाशक, असा सगळा मिळून एक वास होता. तो आमच्या गाडीच्या सीटमध्ये मुरला होता आणि आईच्या पोळ्यांच्या डब्यालाही लागायचा. मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची. ग्लासगोत शिकत होते आणि घरीच राहत होते, म्हणजे शनिवार-रविवारी जंगलात जायचं टाळण्यासाठी माझ्याजवळ काही सबब नव्हती.

बाबा रेडिओलॉजिस्ट होते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या हाडांचे फोटो बघायचे. मी बारा वर्षांची असताना आम्ही नागपूरहून आलो, तेव्हापासून त्यांनी हॉस्पिटल आणि घर याशिवाय तिसरी जागा पाहिली नव्हती. आणि एक दिवस त्यांनी पाइनचं जंगल विकत घेतलं. ग्लासगोपासून दीड-दोन तास उत्तरेला, एका उताराच्या कुशीत, चाळीसेक वर्षांपूर्वी कोणीतरी रांगेत लावलेली स्कॉट्स पाइनची झाडं. व्यवहार झाला त्या संध्याकाळी त्यांनी लंडनजवळ पिनरला राहणाऱ्या माझ्या काकांना फोन केला. "जंगल घेतलं रे, जंगल! प्लॉट नाही, जंगल!" असं ते इतक्या मोठ्यांदा सांगत होते, की शेजारच्या घरातल्या बाईंनी भिंतीवर टकटक केलं. आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आता तिथे झाडू कोण मारणार?"

आई गमतीने म्हणाली, पण ती खरी परिस्थिती होती. लावलेल्या जंगलाला माणूस लागतो. बाबांना वाटलं होतं, झाडं आपली उभी राहतील आणि आपण अधूनमधून जाऊन बघू. पण झाडं तोडणीला आली होती, आणि तोडली की पुन्हा लावायची, ही तोडणीच्या सरकारी परवानगीतलीच अट होती. शिवाय नुसते पाइन नकोत, मध्येमध्ये बर्चची झाडं, काही मोकळी जागा, पक्ष्याप्राण्यांना वाव. बाबांना ही अट फार आवडली. "लाकूडही आणि वन्यजीवनही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. आमच्या दिवाणखान्यात जिथे गणपतीचा फोटो होता त्याच्या शेजारी त्यांनी जंगलाचा नकाशा फ्रेम करून लावला.

तोडणी आली तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. एक मोठं यंत्र झाडाला बुडाशी पकडायचं, कापायचं, आडवं करून एका दमात सोलायचं आणि तुकडे करून टाकायचं. एका झाडाला एक मिनिटही लागत नसे. दोन आठवड्यांत उतार उघडा पडला. मागे राहिले बुडखे, चाकांच्या चाऱ्यांत साचलेलं काळं पाणी आणि गुडघाभर फांद्यांचा कचरा. बाबा रबरी बूट घालून त्या चिखलात उभे राहिले आणि म्हणाले, "सुंदर!" मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हा माणूस हॉस्पिटलमधून आल्यावर दारातच बूट काढून पाय धुतो, त्याला हे सुंदर वाटतं?

कंत्राटदाराने एक जुनं कॅरव्हॅन मागे ठेवलं होतं, ते बाबांनी ठेवून घेतलं. त्यातच आमचे शनिवार-रविवार जायचे. खिडक्यांच्या रबरावर हिरवी बुरशी, गाद्यांना ओल, आणि उन्हाळ्यात मिज नावाच्या बारीक माश्यांचे ढग. त्या इतक्या लहान की चावेपर्यंत दिसत नाहीत, आणि इतक्या की चहाच्या कपावर साय आल्यासारख्या तरंगायच्या. आई गॅसच्या छोट्या शेगडीवर थालीपीठ लावायची, कुकरची शिट्टी त्या उघड्या उतारावरून समोरच्या टेकडीपर्यंत ऐकू जायची. संध्याकाळी आम्ही एकमेकींच्या गुडघ्यांमागे, काखेत गोचीड शोधायचो आणि चिमट्याने काढून बाटलीत टाकायचो. आता कोणी मला निसर्गाच्या सान्निध्याबद्दल बोलू लागलं, की मला ती बाटली आठवते.

रोपं लावायला बाबांनी माणसं सांगितली होती, पण बर्चचा आणि कडेचा पट्टा "आपण घरचे लावू" असं ठरलं. कमरेला रोपांची पिशवी, हातात फावडं. फावडं रोवायचं, माती उघडायची, रोप सरळ धरायचं, टाचेने दाबायचं, दोन पावलं पुढे. अशी दिवसाला काही शे रोपं. पाठ मोडायची, पण तेवढं एक काम मला आवडायचं, हे कबूल करते. मग सोंडे आले. तांदळात होतात तसेच, फक्त करंगळीच्या नखाएवढे. कापलेल्या बुडख्यांत ते वाढतात आणि बाहेर येऊन नव्या रोपांची साल गोल कुरतडून खातात. सकाळी रोप हिरवं, आठवड्याने तपकिरी. बुडख्याची साल उचकटली की आत त्यांच्या पांढऱ्या, लिबलिबीत अळ्या. आईने एकदा त्या बघितल्या आणि त्यानंतर कित्येक महिने आमच्याकडे साबुदाण्याची खीर झाली नाही.

सोंड्यांवर औषध होतं. हरणांवर नव्हतं. हरणं येऊन रोपांचे शेंडे खुडून न्यायची, आणि शेंडा गेलेला पाइन सरळ वाढत नाही. सल्ला द्यायला आलेल्या वनखात्याच्या माणसाने सरळ सांगितलं, शिकारी ठेवा, वर्षाला ठरावीक हरणं मारावी लागतील. लांडगे राहिले नाहीत, तेव्हा ते काम आता माणसाचंच आहे. बाबांचा चेहरा लाल झाला. "मी जन्मात अंडं खाल्लेलं नाही," ते म्हणाले, "माझ्या जंगलात बंदूक चालणार नाही. माझ्या जमिनीवर रक्ताचा थेंब सांडणार नाही." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते लेस्टरच्या मराठी मंडळात सांगितलं, पिनरला सांगितलं, हॉस्पिटलच्या कँटीनमध्येही सांगितलं असणार. मलाही तेव्हा त्यांचा अभिमान वाटला. त्यांनी माणसाहून उंच तारेच्या जाळीचं कुंपण सगळ्या जंगलाभोवती घालून घेतलं. शाकाहारी जंगल, असं ते म्हणायचे.

आयलीन आम्हाला त्याच सुमाराला भेटली. खालच्या वळणावरच्या घरात एकटी राहायची, साठीची, पूर्वी शाळेत शिकवायची. आई तिला आयलीनबाई म्हणायची आणि तिलाही ते आवडायचं. तिने मला एका एप्रिलमध्ये पहाटे तिच्या गाडीत बसवून उताराच्या वर, मोकळ्या गवताच्या तुकड्यावर नेलं. "काच खाली कर आणि बोलू नकोस," एवढंच सांगितलं. उजाडू लागलं तसा एक आवाज आला. कबुतरं घुमतात तसा, पण पाण्यातून आल्यासारखा, न थांबणारा. मग ते दिसले. काळे ग्राउस पक्षी, नऊ नर. कोंबड्याएवढे, निळसर काळे, भुवयांवर लाल तुरे, आणि मागे पांढरीशुभ्र शेपटी पंख्यासारखी उभी केलेली. एकमेकांसमोर धावत यायचे, उड्या मारायचे, फुसकारायचे, पुन्हा मागे जायचे. कडेला गवतात तपकिरी माद्या काही न घडल्यासारख्या दाणे टिपत होत्या. मी तोवर या देशात काही बघून इतकी गप्प झाले नव्हते.

"तुझ्या वडलांचे आभार मान," आयलीन परत येताना म्हणाली. "दाट झाडीत हे येत नाहीत. तोड झाली, नवी रोपं आली, म्हणून ते आलेत." त्या नाचाच्या जागेला इंग्रजीत लेक म्हणतात. हे आईला सांगितल्यावर ती खूप हसली. "म्हणजे आपल्या जंगलात दोन लेकी," असं म्हणाली. बाबांनीही ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते फोनवर "आमच्याकडे दुर्मिळ पक्षी आहेत" असं सांगू लागले. एकदाही बघायला मात्र आले नाहीत. पहाटे थंडी असते म्हणाले.

पहिली मादी मला शरद ऋतूत कुंपणाच्या पायथ्याशी सापडली. मान एका बाजूला वळलेली, जाळीला दोन पिसं चिकटलेली. ग्राउस जमिनीलगत उडतो आणि वेगात उडतो. धुक्यात तार त्याला दिसत नाही. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "एखादा अपघात व्हायचाच." महिन्याभराने दुसरी सापडली. मग एक नर. मी आयलीनला विचारलं. ती म्हणाली, जाळीवर लाकडी पट्ट्या बांधल्या तर त्यांना दिसतं, थोडे वाचतात. पण खरं म्हणजे कुंपण काढायला हवं आणि हरणांचं काय ते करायला हवं. मी हे घरी जेवताना बोलले. बाबांनी भाताचा घास हातात धरूनच माझ्याकडे बघितलं. "म्हणजे बंदूक आण म्हणतेस?"

"बाबा, पक्षी मरतायत."

"मी मारत नाहीये ना?"

आईने आमटी वाढली. विषय तिथे संपला.

पुढच्या मार्चमध्ये वनखात्याचा माणूस तपासणीला येणार होता. किती रोपं जगली, कुंपण धड आहे का, आणि पक्ष्यांचं काय, हे सगळं तो बघणार होता. आम्ही आदल्या दिवशी कॅरव्हॅनमध्ये मुक्कामाला गेलो. शनिवारी सकाळी आई शेगडी पेटवत होती. बाबांनी मला बाहेर बोलावलं आणि फावडं दिलं. माझं रोपं लावायचं फावडं. "कुंपणाच्या कडेने एक चक्कर मारून ये," ते म्हणाले. "काही पडलं असेल तर पुरून टाक. साहेब दहाला येणार."

"तुम्ही चला ना बरोबर."

"मला ते बघवत नाही. मी असल्या गोष्टींना हात लावत नाही, तुला माहीत आहे."

मी गेले. आजही मला कळत नाही मी का गेले. मी मोठी होते, मत देऊ शकत होते, एकटीने लंडनला जाऊन येत होते. पण बाबांनी फावडं हातात दिलं आणि मी गेले. वरच्या कोपऱ्यात, जिथून नाचाची जागा दिसते, तिथे जाळीच्या पायथ्याशी सहा पक्षी होते. काही जुने, नुसती पिसं आणि ओला चिखल झालेलं काहीतरी. एकाला उचललं तर खालून किडे सांडले, तांदूळ सांडावे तसे. एक मादी मात्र ताजी होती, तिच्या पोटाला हात लावला तर ती अजून गरम होती. मी एका बुडख्याशेजारी खड्डा केला, सगळे आत टाकले, माती ओढली, वर फांद्या टाकल्या आणि टाचेने दाबलं. रोप लावताना दाबतात तसंच. मग गुडघ्यांवर बसून ओकले.

परत आले तेव्हा बाबा थालीपीठ खात होते. लोणी लावलेलं, गरम, बोटांनी तुकडे मोडत. "झालं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते पुढे खात राहिले. त्या क्षणी मला त्यांच्या बोटांची, ओठांना लागलेल्या लोण्याची, त्यांच्या चावण्याच्या आवाजाची जी शिसारी आली ती मी कोणाबद्दलच कधी अनुभवली नव्हती. आईने माझे हात बघितले. नखांत माती होती आणि मनगटाला एक बारीक पीस चिकटलं होतं. तिने मला बाहेर नेलं, हातांवर तांब्याने पाणी ओतलं, साबण दिला, पुन्हा ओतलं.

वनखात्याचा माणूस तरुण होता, नम्र होता. रोपं मोजली, बाबांशी हसून बोलला, चहा घेतला. मग वही बंद करता करता त्याने मला विचारलं, "तू इथे पुष्कळ फिरतेस असं आयलीन म्हणाली. कुंपणाला धडकलेले पक्षी दिसले का कधी?"

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते समोरच्या टेकडीकडे बघत होते, शांतपणे.

"नाही," मी म्हणाले. माझा आवाज अगदी स्वच्छ आला.

परतीच्या वाटेवर गाडीत बाबा खुशीत होते. पुढच्या महिन्यात पिनरची मंडळी येणार आहेत, त्यांना जंगल दाखवू, असं काहीतरी म्हणाले. आई पुढच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसली होती. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "अहो, येऊ देत त्यांना. मी सगळ्यांचा स्वयंपाक करीन. पण आपल्या शाकाहाराचं कौतुक माझ्यासमोर पुन्हा करू नका. लेकीच्या हाताला वास होता." आईने बाबांना असं काही सुनावलेलं मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

सोमवारी मी कॉलेजमधून वनखात्याच्या त्या माणसाला फोन केला आणि खरं सांगितलं. आधी आयलीनला केला होता. मला वाटलं होतं ती मला समजावेल, लहान आहेस म्हणेल. ती म्हणाली, "मी पक्षी मोजते दरवर्षी. मला माहीत होतं. तू सांगशील की नाही, ते बघत होते." एवढं बोलून तिने फोन ठेवला. ते मला लागलं, पण तिचं चुकलं नव्हतं.

खड्डा उघडला तेव्हा बाबा, मी आणि वनखात्याचा माणूस असे तिघं तिथे होतो. तो तरुण माणूस हातमोजे घालून एकेक पक्षी प्लास्टिकच्या पिशवीत घालत होता आणि आकडा मोठ्याने म्हणत होता. सहा. वास असा होता की तोही अधूनमधून तोंड फिरवत होता. बाबा स्वच्छ रेनकोट घालून चार पावलं लांब उभे होते. मधेच ते त्या माणसाला इंग्रजीत म्हणाले, "माझी मुलगी फार हळवी आहे. तिला वाटलं पुरावं. मला काही कल्पना नव्हती." मी वळून बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, या वेळीही टेकडीकडेच बघत होते. मी आधी खोटं बोलले होतेच, मग कोणत्या तोंडाने बोलणार होते? त्या दिवशी मला त्यांची जेवढी किळस आली त्याहून माझी थोडी जास्त आली, आणि हे प्रमाण अजून तसंच आहे.

कुंपण काढावं लागलं. शिकारी ठेवावा लागला. बाबा माझ्याशी आठ महिने बोलले नाहीत. "घरातली गोष्ट बाहेर नेलीस," हे त्यांचं शेवटचं वाक्य, आणि मग "तिला विचार, चहा घेणार का" असं आईमार्फत. पहिलं हरीण मारलं त्या दिवशी ते का कोण जाणे, हट्टाने जंगलात गेले. शिकाऱ्याने त्यांच्यासमोर पोट फाडलं, आतडी बाहेर काढली. वाफ येत होती. बाबा तिथे पूर्ण वेळ उभे राहिले, पाठ न फिरवता. हे मला शिकाऱ्याने नंतर सांगितलं. घरी आल्यावर ते न जेवता झोपले. मला त्यांची कीव यायला हवी होती. मला फक्त एवढंच वाटलं, की हे आधी बघितलं असतं तर.

आता बाबा ऐंशीच्या पुढे आहेत. जंगल विकून पुष्कळ वर्षं झाली. पाहुणे आले की ते सांगतात, पक्ष्यांसाठी आम्ही सगळं कुंपण काढून टाकलं. आई असेपर्यंत ती अशा वेळी उठून आत जायची. मी उठत नाही, ऐकते.

पण एक गोष्ट ते सांगत नाहीत, ती मी इथे लिहून ठेवते. अबोला सुटल्यानंतरच्या एप्रिलमध्ये त्यांनी स्वतःहून मला पहाटे उठवलं. "चल," म्हणाले, "मला दाखव." आम्ही गाडी वरच्या गवताशी लावली, काचा खाली केल्या. बाबांनी कानटोपी घातली होती, मफलर गुंडाळला होता. उजाडलं. दव पडलेलं गवत दिसू लागलं. चंडोल ओरडला, लांब कुठेतरी मेंढ्या ओरडल्या. आम्ही तास, दीड तास बसलो. ऊन गवतावर आलं.

"नेमके कुठे नाचायचे?" त्यांनी हळूच विचारलं.

मी बोट दाखवलं. ते त्या मोकळ्या तुकड्याकडे बघत राहिले.

"उशिरा येत असतील," ते म्हणाले, आणि वळून माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणावं असं त्यांना फार वाटत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नाही, बाबा," मी म्हणाले, "आता कोणी येणार नाही," आणि गाडी सुरू केली.